वीतभर अंतरावरून

माइकच्या फोमला तेल लागलं होतं. तुरीच्या डाळीएवढा माइक, त्यावर काळ्या फोमची टोपी, आणि टोपीच्या एका कडेला पिवळसर चकाकी... शांभवीनं तो नाकाशी नेला. माका, जास्वंद, थोडी मेथी. तिची आई, अव्वा, तेल घरीच उकळते. विद्यानं माइक परत देताना पुसले नव्हते. की मुद्दामच — नाही, मुद्दाम काही करण्याइतका विचार विद्या करत नाही. तिला करावाच लागत नाही.

साडेतीन वाजले होते. सहापर्यंत बंगळूरच्या कंपनीला नमुना पाठवायचा होता : सात मिनिटांचं घर. हेडफोन लावणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपण त्या खोलीतच बसलो आहोत, भांडं तिकडे पडलं, कुणीतरी मागून आलं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या या दोन खोल्यांत ती आणि ऋतुराज तीन वर्षं हेच करत होते. प्रत्येकाच्या कानाचे खळगे वेगळे असतात, आवाज त्यांवर आपटून आत जातो आणि त्यावरून डोकं पुढचं-मागचं ठरवतं. ते कान मोजायचे आणि शिंप्यासारखा मापानं आवाज बेतून द्यायचा. दुसऱ्याच्या मापाचा आवाज कानांत गेला की मागचा माणूस पुढं येतो, नाहीतर सरळ डोक्यातच शिरतो.

रविवारी गावी, कोडोलीला, ती स्वतःच जाणार होती. जमलं नाही. मग माइक विद्याला दिले. विद्याश्री धाकटी बहीण, गावातच दिलेली, अव्वाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. कानांत घाल आणि तासभर घरात वावर, एवढंच सांगितलं होतं. विद्या वावरलीच नाही. ती जाऊन अव्वाच्या पुढ्यात पाठ करून बसली आणि अव्वानं तिच्या डोक्याला तेल लावलं.

"मान हलवू नको की गं. कानातलं ते पडंल."

"पडलं तर अक्काची नोकरी जाईल बघ."

"तिची नोकरी तुझ्या कानावर चालती व्हय?"

मग दोघींचं हसणं. मग अव्वाचा हात, केसांतून बोटं, बांगडीचा एक बारीक टणत्कार, आणि पुन्हा तो आवाज — खालचा, भाकरी थापताना स्वतःशीच बोलावं तसा. असा आवाज अव्वाला आहे हे शांभवीला एकेचाळिसाव्या वर्षी, हेडफोनमधून कळत होतं.

तिला सगळं मोजायची सवय होती, म्हणून हेही तिनं मोजलं. अव्वाच्या तोंडापासून विद्याच्या उजव्या कानापर्यंत बावीस-तेवीस सेंटिमीटर. एक वीत. आणि माझ्याशी? मी पंधरवड्यानं जाते, खुर्ची पुढं येते, चहा फुलांच्या कपात येतो, अव्वा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून विचारते, दमलीस का गं, रस्त्याला गर्दी हुती का. तीन मीटर. पावणीला जितकं अंतर ठेवतात तितकं. एकदा मीच म्हणाले होते, अव्वा, मलाही लाव की तेल, तर माझ्या कापलेल्या केसांकडे बघून म्हणाली, कुठं लावू, जागा तरी ठेवलीस का. हसून म्हणाली. तिघीही हसलो होतो.

आणि सगळ्यात वाईट होती ती चाळीस सेकंदं. पाचव्या मिनिटाला दोघी गप्प होतात. कुणी काही विचारत नाही, कुणाला काही सांगायचं नसतं, हातसुद्धा थांबलेला. त्यामागे पंख्याची मंद घरघर, ती तिनं कालच फिल्टर लावून पुसून टाकली होती. स्वच्छ, भरलेली शांतता. शेवटी विद्या म्हणते, "पाणी देऊ?" आणि अव्वा म्हणते, "नको. रोजचंच हाय." रोजचंच... रोज दुपारी विद्याला हे मिळतं. शांभवीच्या आणि अव्वाच्या मध्ये एवढी शांतता पडली की कुणीतरी टीव्ही लावतं.

ऋतुराज दारात आला. "ताई, मी परत ऐकलं. एक नंबर हाय. पाठवूया हेच."

"बघू."

"बघू काय, साडेचार वाजलं. फक्त मला काय वाटलं सांगू, त्या आज्जी समोर बसल्यागत वाटत्यात. मागं हाईत न्हवं?"

"कान विद्याचे आहेत. तुझ्या मापाचं केलं की मागं जातील."

"मग तुमच्या मापाचं करून बघा की. तुमच्या भणीचं माप हाय, तुमचं हाय."

हे तिला सुचलं नव्हतं असं नाही. रविवारपासून सुचत होतं. अव्वा एका जागी बसलेली होती, म्हणजे अवघड नव्हतं : आवाजातून विद्याचे कान वजा करायचे आणि तिथं आपले बसवायचे. विद्याचे कान अव्वावर गेलेले, लांब, मोठ्या पाळीचे. माझे अप्पांसारखे, डोक्याला चिकटलेले. वजा करायचे. या शब्दाची तिला थोडी लाज वाटली, आणि तरी तिनं कालची पुसलेली फाईल बाजूला सारून मूळचीच घेतली, कारण फिल्टर लावलेल्यावर हिशेब नीट बसत नाही.

वीस मिनिटांनी तिनं हेडफोन लावला आणि डोळे मिटले.

अव्वा मागं गेली. इतकी अचूक मागं, की शांभवीची मान आपोआप ताठ झाली. बोटं तिच्या टाळूवर होती. मान हलवू नको की गं... हे आता तिला म्हटलेलं होतं, विद्या कुठंच नव्हती, तिचं बोलणं शांभवीच्याच गळ्यातून आल्यासारखं उमटत होतं. ती बसून राहिली. एक मिनिट, तीन, चार. मग हात थांबला आणि चाळीस सेकंदं सुरू झाली, आणि तिच्या लक्षात आलं की पंखा वर नाही.

घरघर मागून येत होती. उजव्या कानामागून, वीतभर अंतरावरून. ती भरत होती, मध्येच अडकत होती, पुन्हा ओढली जात होती. विद्या म्हणाली, पाणी देऊ, आणि अव्वानं "नको" म्हणण्यापुरती ती घरघर थांबली. पंखा बोलताना थांबत नाही.

तिनं हेडफोन काढला नाही. तोच तुकडा मागं नेऊन पुन्हा ऐकला. चाळीस सेकंदांत एकोणीस श्वास; स्वस्थ बसलेल्या माणसाचे दहा-बारा भरतात. हा आवाज काल मीच पुसला होता, कचरा म्हणून.

रोजचंच हाय.

मग विद्याचे कान मोजले तो दिवस आठवला. विद्या कुणालाही न सांगता कोल्हापूरला आली होती, पिशवीत एक्स-रे ठेवतात तसली एक फाईल होती, म्हणाली, अक्का, जरा बोलायचं हुतं. आणि मी म्हटलं, आधी बस, आलीच आहेस तर माप घेऊया, पण बोलू नको, माप बिघडतं. पाऊण तास ती खुर्चीत गप्प बसली होती, समोरच्या खुणेकडे बघत, कुणाचंही माप इतकं सुरेख आलं नव्हतं. नंतर मला कामाचे फोन येत राहिले. विद्या एस.टी. चुकेल म्हणून गेली.

आता फोन करायला हवा होता. विद्याला की अव्वाला? अव्वा म्हणेल, काय न्हाय गं, तू चहा घेतलास का. विद्या म्हणेल... विद्याला हे एकोणीस श्वास मोजावे लागत नसतील. ते कधी वाढतात, कोणत्या कुशीवर कमी होतात, कुठल्या श्वासानंतर पाणी विचारायचं, सगळं तिला पाठीमागून कळत असेल. हेही तिच्याकडेच आहे. हा विचार तिच्या मनात आला आणि तो कुठून आला हे तिनं ओळखलं. जागा जुनीच होती, हेव्याची.

"ताई, पाठवू?" बाहेरून ऋतुराज.

कानांत बोटं पुन्हा केसांतून फिरू लागली होती. इतके दिवस अव्वाच्या पुढ्यातली ती वीतभर जागा तिला हवी होती, आणि आता ती जागा मोकळी होती, मापाची होती, आणि त्या श्वासांकडे पाठ करून तिथं बसायला तिला भीती वाटत होती.