खिडकीकडे झुकलेली झाडं

बाबांच्या तीन ऑर्किडना घरात जो मान होता, तो दादा आणि धाकटी या दोन्ही मुलांना मिळूनसुद्धा कधी लाभला नाही. दादा हे हसत हसत म्हणायचा. धाकटी मुळीच हसायची नाही, कारण लहानपणी एका कुंडीला धक्का लागला म्हणून तिने पाठीत धपाटा खाल्ला होता.

स्वयंपाकघराच्या खिडकीत, ओटा संपतो तिथे, त्या तीन पारदर्शक कुंड्या असत. आत माती नाही, नुसते झाडाच्या सालीचे तुकडे आणि त्यांतून वाट काढणारी जाडजूड मुळं. बाबा आयुष्यभर शिंप्याच्या दुकानात कटिंग मास्टर. गिऱ्हाइकाचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा किंचित उतरता असेल, तर टेप न लावता सांगणारे. झाडांनाही तोच डोळा. रविवारी सकाळी एकेक कुंडी उचलून हातावर तोलायची, उजेडाला धरून मुळं बघायची. मुळं हिरवी असली तर झाडाचं पोट भरलेलं. रुपेरी पांढरी दिसली तर तहान. मग कुंडी बादलीत बुडवायची, पुरती निथळू द्यायची, आणि पानांच्या बेचक्यात थेंब अडकला असेल तर तो कापसाने टिपायचा.

"पाण्याने मरणारं झाड आणि तहानेने मरणारं झाड सारखंच दिसतं," ते सांगायचे. "दोन्हीकडे पानं सुरकुततात. माणूस बघतो, पान सुकलंय, म्हणून अजून पाणी ओततो. झालं कल्याण!"

आई गेल्यावर घरात बाबा आणि धाकटी असे दोघंच उरले. पुढे बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग एकदा गॅसवर ठेवलेलं दूध. पातेलं कोळशासारखं झालं आणि सगळा जिना धुराने भरला. दादा दुसऱ्या शहरात राहायचा आणि तिथून फोनवर उंटावरून शेळ्या हाकायचा. पण त्या दिवशी तो गाडी काढून थेट आला. त्याच्या घरी बाबांसाठी खोली तयार होती, दिवसभर सोबतीला बाई ठेवायचीही त्याची तयारी होती. वाईट काही नव्हतं त्यात.

"या घरात अंधारातसुद्धा माझा हात बरोबर बटणावर पडतो," बाबा म्हणाले. "तुझ्याकडे मी पाहुणा. पाहुण्याला विसरायची चोरी असते रे."

निघताना दादाची नजर खिडकीकडे गेली. तिन्ही झाडं उजेडाकडे झुकलेली, पानं तुकतुकीत. "बरं," तो म्हणाला, "बाबांची झाडं ठीक आहेत तोवर बाबाही ठीक आहेत असं मी धरून चालतो. झाडं बिघडली की मात्र मी न्यायला येणार. मग कुणी रडायचं नाही."

वरवर थट्टेतलं बोलणं, पण धाकटीने ते गाठीशी बांधलं.

पाणी कसं घालायचं हे बाबा विसरले नव्हते. घातलं, हे विसरायचे. सकाळी धाकटी घरात असायची, तेव्हा ते तिला विचारायचे, "अगं, झाडांचं पाणी झालं का?" ती "झालं" म्हणाली की त्यांचा चेहरा सैल व्हायचा. "तू म्हणतेस ना, मग झालं." आज वार कोणता, गोळी घेतली का, आपण जेवलो का, सगळं तिलाच विचारायचं आणि ती सांगेल ते मानायचं. पण ती दातांच्या दवाखान्यात नोकरीला गेली की विचारणार कुणाला? मग त्यांचा रोजचाच दिवस रविवार व्हायचा. हात सवयीने बादली भरायचे. मुळं बघण्याची पायरी केव्हाच गळून गेली होती.

धाकटीला हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. पानं मलूल दिसली म्हणून तिने कुंडी उचलली, तर ती दगडासारखी जड. मुळं तपकिरी पडली होती, कुबट वास येत होता. एका पानाला नुसता हात लागला आणि ते बुडापासून निखळून तिच्या हातात आलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या कुंडीतही तीच तऱ्हा. नेमका तेव्हाच दादाचा निरोप आला होता, शनिवारी चक्कर मारतो म्हणून.

त्या संध्याकाळी ती ओट्याशी उभी राहून रडली. मग डोळे पुसले आणि कामाला लागली. रडणं आणि कामाला लागणं यांच्यामध्ये तिने थोडा विचार केला असता तर बरं झालं असतं. पण ती बाबांचीच मुलगी, कात्री आधी चालवणार. दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्यातून लवकर सुटून नर्सरी गाठली, त्याच जातीची, त्याच उंचीची, फुलं नसलेली तीन झाडं निवडली. बाबा दुपारचे झोपले होते. तिने जुन्या कुंड्या घासूनपुसून त्यांत नवी झाडं बसवली, मेलेली झाडं कचऱ्यात टाकली आणि बादली माळ्यावर चढवली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बाबा उठले, चहा घेऊन खिडकीशी आले आणि कप हातात धरून तसेच थांबले.

"ही कुणाची झाडं?"

"कुणाची म्हणजे? तुमचीच."

"नाही गं." त्यांनी मान तिरकी करून पाहिलं, गिऱ्हाइकाच्या खांद्याकडे पाहायचे तसं. "ही सरळ उभी आहेत. माझी उजेडाकडे झुकलेली होती. वर्षानुवर्षं एका खिडकीत राहिलेलं झाड असं ताठ नसतं. ही वरून उजेड मिळणाऱ्या जागेत वाढलीत."

इतकं बारीक पाहणारा माणूस आपला बाप आहे, याचा धाकटीला त्या क्षणीसुद्धा अभिमान वाटला. आणि तरी तिच्या तोंडून निघालं, "मी कुंड्या फिरवून ठेवल्यात, म्हणून तसं वाटतंय."

"फिरवल्या तर झाडं उलट्या बाजूला झुकलेली दिसतील. सरळ कशी होतील?"

"बाबा, तुम्हाला आठवत नाही. ही अशीच होती."

दूध जळालं तेव्हा तिने हे वाक्य तोंडातून काढलं नव्हतं. एकाच दुपारी बाबा दोनदा जेवले तेव्हाही नाही. आजवर गिळलेलं वाक्य तिने बाहेर काढलं, तेही बाबांचं बरोबर असताना.

बाबांनी कप तसाच ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, "तू म्हणतेस ना." पुढचं "मग झालं" आलं नाही.

त्यानंतर ते खिडकीशी फारसे गेले नाहीत. खुर्ची त्यांनी भिंतीकडे वळवून घेतली. दिव्याचं बटण दाबायच्या आधी त्यांचा हात मध्येच थांबायचा, हेच का ते, म्हणून. धाकटीला वाटलं, शनिवार पार पडू दे, मग निवांत सांगू. शनिवार पार पडला की सांगायची गरजच उरणार नाही, असंही वाटलं. माणूस स्वतःला किती सोयीचं समजावतो!

शनिवारी दादा आला आणि बूट काढतो न काढतो तोच खिडकीशी गेला. "वा! झाडं तर झकास आहेत, बाबा. म्हणजे मी हरलो."

धाकटी हुश्श करून चहा ठेवायला वळली. बाबा भिंतीकडच्या खुर्चीवरून उठले.

"मला घेऊन चल तुझ्याकडे," ते म्हणाले.

"अहो बाबा, पण..." दादा गोंधळला.

"ती झाडं माझी आहेत म्हणे. मला तर ती परकी दिसतात. रोज बघतो, रोज परकी दिसतात. दूध विसरलो, ठीक आहे. पण ती झाडं मी पोरांसारखी वाढवली, आणि आता तीच ओळखू येईनात. उद्या हिला ओळखलं नाही तर? ते व्हायच्या आत मला ने."

"बाबा!" धाकटी ओरडलीच. "तुमचं बरोबर होतं. मी बदलली झाडं. जुनी मेली होती. तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत!"

बाबांचा चेहरा एकदम उजळला. "सरळ होती ना? म्हटलं होतं ना मी?" त्यांनी दादाच्या दंडावर थाप मारली. "डोळा शाबूत आहे बघ माझा!" मग ते थांबले. "कशाने मेली?"

धाकटीची नजर माळ्यावरच्या बादलीकडे गेली.

"पाण्याने," बाबा स्वतःच म्हणाले. "आणि दिवसा घरी मी एकटाच असतो."

"मला तुम्हाला इथेच ठेवायचं होतं," धाकटी रडत म्हणाली. "म्हणून केलं हो."

"ते कळतं मला, बाळ." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "मी विसरतो हे मला ठाऊक आहे. म्हणून तर तुला विचारत होतो. झाडं मी मारली, ते सांगितलं असतंस तर दोन दिवस रडलो असतो. पण मी बरोबर होतो आणि तू मला चूक म्हणालीस. आता मी विचारू कुणाला?"

यापुढे माझ्यावर विश्वास ठेवा, असं ती कुठल्या तोंडाने म्हणणार?

दादा आत गेला. कपाटावरची बॅग खाली ओढल्याचा आवाज आला. धाकटीने पुढे होऊन बाबांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला. मग आतल्या खोलीकडे तोंड करून, जरा मोठ्याने, त्यांनी दादाला विचारलं, "अरे, मी जेवलोय का?"