दमलो म्हणण्याची हिंमत

त्या अग्निशमन केंद्रात ‘दमलो’ हा शब्द कुणी उच्चारत नसे. उच्चारलाच, तर पुढचे आठ दिवस त्याची खैर नसे. चिडवणाऱ्यांत सगळ्यात पुढे असायचे पैलवान. ते तुकडीचे प्रमुख, पंचेचाळिशी ओलांडलेले. धुराने भरलेल्या घरांतून त्यांनी कितीतरी जीव खांद्यावर टाकून बाहेर आणले होते.

त्या वर्षी केंद्रात एक नवी खोली झाली. आतल्या हवेत ऑक्सिजन मुद्दाम कमी ठेवलेला, उंच डोंगरावर असतो तसा. तिथे वजनं उचलायची. शिकवायला आलेल्या प्रशिक्षक बाईंनी पहिल्याच दिवशी सगळं समजावलं. अशा हवेत हलकं वजनही स्नायूंना लवकर थकवतं, म्हणून सांध्यांवर फार भार न टाकता व्यायाम घडतो. पण रक्तातला ऑक्सिजन उतरतो, छाती धडधडते आणि प्रत्येकाला हे सारखं सोसत नाही. तेव्हा वजन नेहमीच्या निम्मं आणि मधे भरपूर विश्रांती. बोटाला लावलेल्या ऑक्सिजन-मापकाचा आकडा ऐंशीखाली गेला किंवा डोकं हलकं वाटलं, की तडक बाहेर.

पैलवानांनी ते या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. बाईंची पाठ वळली की ते पूर्ण वजन चढवत.

बंब चालवणारा चालक त्यांचा बारा वर्षांचा जोडीदार. तो नुकताच तापातून उठला होता. एके दिवशी दुसऱ्या फेरीनंतर त्याने जरा बाहेर बसू का, असं विचारलं.

“पांघरूण आणून देऊ का?” पैलवान म्हणाले. सगळे खो-खो हसले.

चालक मुकाट्याने परत वाकला. मापकाचा आकडा कुणाला दिसू नये म्हणून त्याने बोट मुठीत लपवलं. वजन गुडघ्यापर्यंत आलं आणि तो कोसळला. बाकाची कड कपाळाला लागली. पैलवानांनीच त्याला उचलून बाहेर आणलं. आजवर अनेकांना उचललं होतं, पण आपणच पाडलेल्या माणसाला पहिल्यांदाच.

कपाळाला तीन टाके पडले. जिवावरचं थोडक्यात निभावलं होतं. दवाखान्याच्या बाकावर पैलवान खाली मान घालून बसले होते. बाई शेजारी येऊन बसल्या.

“आगीत असताना पाठीवरच्या सिलिंडरची शिट्टी वाजली की काय करता?”

“बाहेर येतो. हवा संपत आलेली असते.”

“लाज वाटते तेव्हा?”

“लाज कसली? मी आत पडलो तर मला काढायला आणखी दोघांचा जीव धोक्यात.”

“मग आज त्याच्या शरीराने शिट्टी वाजवली, तेव्हा तुम्ही हसलात का?”

पैलवान उठले. आत जाऊन त्यांनी चालकाचा हात धरला आणि सोबत आलेल्या सगळ्या तुकडीदेखत त्याची माफी मागितली.

पुढच्या आठवड्यात त्या खोलीत पैलवानांनी निम्मंच वजन घेतलं. दुसऱ्या फेरीत आकडा एकोणऐंशीवर उतरला. त्यांनी वजन खाली ठेवलं आणि मोठ्याने म्हटलं, “मी दमलो. बाहेर बसतो.” कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने आणखी दोघे निमूटपणे त्यांच्या शेजारी येऊन बसले.

चालक महिनाभराने डॉक्टरांना विचारूनच परतला. त्या हंगामात तुकडीतला प्रत्येक जण पाठीवर सिलिंडर घेऊन जिने चढण्याच्या चाचणीत पास झाला, तोही!

वाचकहो, आपल्याही घरात, कचेरीत कुणीतरी थकवा मुठीत लपवून उभं असतं. त्याला हसू नका, बसायला जागा द्या. शरीराचं ऐकणं हा दुबळेपणा नाही. ताकद तिथूनच वाढू लागते!