दुसऱ्या बाटलीच्या तळाशी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर रक्तबाबा काचेच्या दोन बाटल्या नाचवत होते.

"जनुकं! रक्त गोठवणारी जनुकं बिघडली की तोंडाचा कर्करोग! शास्त्रज्ञांना आज कळलं, आम्हाला कधीचं ठाऊक!"

मंचावर त्यांच्यासमोर खुर्चीत माझा धाकटा भाऊ. गालात आतून पांढरा चट्टा, खिशात तंबाखूची डबी. वडील तोंडाच्याच आजारानं गेलेले. चट्ट्याचा तुकडा तपासायला काढायची तारीख त्यानं दोनदा चुकवली होती, कारण रक्तबाबा म्हणाले होते, "सुरी लागली की पसरतं."

भावाचं रक्त पहिल्या बाटलीत दहा मिनिटांत गोठलं. "घराण्याचा दोष!" मग बाबांनी त्यांच्या औषधाची पुडी चाटवली, पुन्हा रक्त काढून दुसऱ्या बाटलीत घातलं. तेवढ्याच वेळानं बाटली कलंडवली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. टाळ्यांचा कडकडाट.

मला टाळ्याही वाजवाव्याशा वाटल्या नाहीत, रडूही आलं नाही. बावीस वर्षं मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुतेय. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं लेबलं वाचून शिकले. रिकामी बाटली दिसली की उजेडाला धरायची, ही खोड. मंचावर चढले, पुढच्या माणसासाठी मांडलेली बाटल्यांची जोडी उचलली. एकीच्या तळाशी थेंबभर पाणी चमकलं.

"बाबा, माझं रक्त दोन्हींत घाला. पुडी नको."

"बाई, तुमच्या रक्तात श्रद्धा नाही!"

"मग दोन्हींत गोठेल. घाबरता कशाला?"

"काढा की बाबा," मागून कुणीतरी ओरडलं, "सुई मोडली का?"

त्यांना काढावंच लागलं. दहा मिनिटांनी कोरड्या बाटलीत गोठलं. थेंबवालीत नाही.

"हे सायट्रेट," मी म्हणाले. "आमच्याकडे निळ्या झाकणाच्या नळीत असतं. त्यात कुणाचंच रक्त गोठत नाही. पुडी खा, नाहीतर माती खा."

बाबांना एकदम लघवीला लागली. ते परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी भावाला सांगितलं, "त्या जनुकांमुळे काहींचा कर्करोगाचा धोका थोडा वाढत असेल, अभ्यास चाललाय. बाटलीत बघून कुणाचं भविष्य कळत नाही. तंबाखूनं तो होतो, हे मात्र पक्कं ठाऊक आहे. आणि तुकडा काढल्यानं काही पसरत नाही."

त्यानं डबी माझ्या हातात दिली. "ताई, उशीर झाला का गं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खोटा धीर देणारा माणूस आम्ही कालच बघून आलो होतो.

रक्त गोठतं म्हणून तर खरचटलेला माणूस जगतो. तो दोष नव्हे. तोंडात चट्टा दिसला तर बाटलीकडे बघू नका, तोंड डॉक्टरला दाखवा.

भावानं तोंड उघडलं. बाईंनी दिवा लावला.