चार बोटं माया

“तुमची ताई दोन महिन्यांत तिसऱ्यांदा स्वतःचा ड्रेस आत घेतेय. जरा बघा तिच्याकडे,” ताई कपडे शिवायची त्या दुकानातली इस्त्रीवाली धाकट्या बहिणीला दाराशी गाठून म्हणाली होती. तिने हो हो म्हणत कडेवरच्या लेकीचं टोपरं सारखं केलं. बाईला नसत्या चौकशा फार, असं घरी नवऱ्याला सांगितलंसुद्धा.

तेव्हा तिच्या डोक्यात लेकीच्या वजनाखेरीज काही शिरत नव्हतं. आकडा जरा अडला की ताईला फोन. एवढी शिकलीस आणि काट्याची गुलाम झालीस, असं ताई चिडवायची, आणि लेकीसाठी नवा फ्रॉक शिवून आणायची. आत एवढी माया सोडलेली, की पोरीने तो तीन वर्षं घालावा.

माया हा शब्द त्यांच्या घरात ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळा. आई गेल्यावर धाकटीला ताईनेच माया लावली, असं मावशी सांगे. बाबांच्या लेखी संसार म्हणजे सगळी मायाच, म्हणून चहा उकळून गेला तरी गॅस बंद करायचं त्यांना सुचत नसे. दुकानाच्या मालकिणीने बक्कळ माया जमवलीय, हे तर गिऱ्हाइकंही कुजबुजत. आणि ताईची माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. अंग वाढलं तर उसवून सोडता यावं म्हणून ते ती कधी कापत नसे.

एका रविवारी लेक ताईच्या अंगावर दूध ओकली. ताईला आपला गाऊन देऊन तिने ड्रेस धुतला, वाळत घालायला उलटा केला, आणि हात तिथेच थांबला. दोन्ही बाजूंना चार चार बोटं माया. तिच्यावर एकामागे एक पाच टिपा, प्रत्येक आधीच्यापेक्षा आत. बाहेरून मात्र ड्रेस अंगावर चपखल. कपडा ढगळ दिसला की माणूस वाळलंय हे कळतं. ताईने तो कधी ढगळ दिसूच दिला नव्हता.

ओला ड्रेस तसाच घेऊन ती आत गेली. ताई लेकीला थोपटत होती.

“हे काय गं?”

“हळू. आत्ता डोळा लागलाय तिचा.” ताईने ड्रेसकडे पाहिलं. “भरेल अंग परत. तेव्हा सोडेन.”

“कधीपासून?”

“तुझे दिवस भरत आले होते तेव्हापासून. तुला कुठे सांगत बसू? मग ही झाली, मग हिचं वजन.”

ताईच्या तपासण्या झाल्या. तीन महिन्यांपूर्वी आणलं असतं तर बरंच करता आलं असतं, असं डॉक्टरीणबाई कागदांवरून मान वर न करता म्हणाल्या. इस्त्रीवालीने दाराशी गाठलं, त्याला तीन महिने आणि चार दिवस झाले होते.

आता ती रोज सकाळी लेकीला सासूकडे ठेवून दवाखान्यात जाते. ताई अजूनही आधी पोरीचंच विचारते, पण मध्येच दमून डोळे मिटते.

तुमच्याही घरात अशी एखादी असेल, फोन केला की तुमचीच विचारपूस करणारी. तिला फोन करू नका, मी बरी आहे म्हणेल. आजच तिच्या घरी जा. जवळ बसा, खांद्यावर हात ठेवा, आणि हाताला हाड लागतंय का तेवढं बघा.