आन्शोची नोंदणी

एकतीस जानेवारीला दुपारी दोनला नोंदणीची मुदत संपत होती आणि दोसिंदाने आन्शोचा अर्ज पावणेएकलाच पाठवला होता. याबद्दल तिला पुढेही कधी शंका आली नाही, कारण अर्ज गेल्यावर तिने घड्याळ पाहिलं होतं आणि मासळीबाजार उठायच्या आत पोचायचं म्हणून तशीच घाईघाईने निघाली होती. बावीस वर्षं ती पोंतेवेला गावच्या फुटबॉल क्लबची चिटणीस होती. आधी कागद टपालाने जायचे, मग फॅक्सने, आता संगणकावरून. एकाही खेळाडूचा कागद तिच्या हातून उशिरा गेला नव्हता.

संध्याकाळी फेडरेशनने यादी लावली. तिच्यात आन्शोचं नाव नव्हतं.

आन्शो चोवीस वर्षांचा, पलीकडच्या खाडीवरचा फॉरवर्ड. त्याचा जुना क्लब नाताळाआधीच मोडीत निघाला, तेव्हा पोंतेवेलाने त्याला बोलावून घेतलं. आईवडील स्वित्झर्लंडला कामाला, इथे कुणी नाही, म्हणून दोसिंदाने त्याला माडीवरची खोली दिली. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. टेबलाशी पुन्हा दोन ताटं लागू लागली, आणि आन्शो घरात असला की जिन्याखाली त्याचे चिखलाचे बूट दिसत, याचं तिला बरं वाटत होतं. सरावात त्याला अडवायला दोन माणसं लागत. खाली घसरत चाललेला संघ हा पोरगा सावरून धरणार, असं सगळं गाव म्हणत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने फेडरेशनला फोन लावला. पलीकडून एलादिओ बोलला. नोंदणी विभागातला हा कारकून तिला बावीस वर्षं आवाजाने ओळखत होता, भेट मात्र कधी झाली नव्हती. एरवी तो हवापाण्याची चौकशी करायचा. त्या दिवशी त्याने फक्त एवढंच सांगितलं की मुदत संपली तेव्हा तुमच्या क्लबचा एकही अर्ज शिल्लक नव्हता, तक्रार असेल तर लेखी द्या. आणि फोन ठेवला.

क्लबचा अध्यक्ष शेनारो हा दोसिंदाचा धाकटा दीर. नाक्यावर त्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. तिने त्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ मान हलवत राहिला.

"थोरल्यांच्या बाबतीत असं कधी झालेलं ऐकलंयस, वहिनी?" तो म्हणाला. "त्यांचा कागद हरवत नाही. हरवतो तो आपलाच."

थोरले म्हणजे शहरातला मोठा क्लब. पोंतेवेलात त्याचं नाव कुणी घेत नसे, नुसतं थोरले म्हणत, आणि तेही तोंड वाकडं करून. लेखी तक्रार करू या असं दोसिंदा म्हणाली, तर शेनारोने तिला थांबवलं. फेडरेशनशी वैर घेऊन उरलेला हंगाम काढायचा कसा, असं त्याचं म्हणणं. ते तिला पटलं नाही, पण त्या वेळी तिने तक्रार लिहिली नाही.

आन्शो सराव करत राहिला. रविवारी सामना असला की गॅलरीत बसून नखं खायचा. आणि वीस फेब्रुवारीला पेपरात बातमी आली: थोरल्यांचा एक फॉरवर्ड गुडघ्याच्या दुखण्याने चार महिने बाहेर, त्याच्या जागी आन्शोची नोंदणी मंजूर.

नियम दोसिंदाला तोंडपाठ होता. खेळाडू चार महिने किंवा जास्त काळ जायबंदी झाला, तर मुदत संपल्यावरही क्लबला बदली माणूस घेता येतो. अट एकच, तो माणूस दुसऱ्या कुठल्याही क्लबकडे नोंदलेला नसावा. आन्शो कुठेच नोंदलेला नव्हता. एकतीस जानेवारीला तो पोंतेवेलाचा झाला असता, तर थोरल्यांना त्याला हातही लावता आला नसता.

आन्शोने त्याच सकाळी पिशवी भरली. तिला मिठी मारली, पण डोळ्याला डोळा दिला नाही. कॅफेत दिवसभर तोच विषय. आपल्याला दार बंद आणि त्यांना मागची खिडकी उघडी, असं एक म्हातारा सारखा म्हणत होता आणि बाकीचे माना डोलवत होते. दोसिंदाच्या डोक्यात मात्र फक्त एलादिओ होता. बावीस वर्षं गोड बोलणारा हा माणूस त्या दिवशी इतका तुटक का बोलला?

सोमवारी ती पहिल्या बसने शहरात गेली.

एलादिओ तिच्या कल्पनेपेक्षा बुटका निघाला. कोपरांना ठिगळं लावलेला स्वेटर, टेबलावर अर्धवट खाल्लेला पाव. तिने नाव सांगताच तो उठून उभा राहिला आणि आधी दार लावून घेतलं. ते तिच्या नजरेतून सुटलं नाही.

"मला वाटलंच होतं तू येशील," तो म्हणाला. "शिव्या द्यायला आली असशील तर आधी हे बघ, मग दे."

त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. आन्शोचा अर्ज, पोचल्याची वेळ बारा चव्वेचाळीस. खाली आणखी एक ओळ होती: अर्ज मागे घेतला, तेरा एकतीस.

"कुणी मागे घेतला?"

"क्लबने."

"कुठल्या?"

"तुझ्याच, दोसिंदा. तुमच्याच खात्यातून. मला वाटलं तूच घेतलास. म्हणून मी फोनवर काही बोललो नाही. म्हटलं, आपल्या हाताने कागद काढून घेते आणि वर मलाच जाब विचारते."

तिचा विश्वास बसला नाही. या खोलीत बसलेल्या माणसाला दोन आकडे बदलायला कितीसा वेळ लागणार? तिने तसं तोंडावर बोलून दाखवलं. एलादिओ चिडला नाही. आपल्याला पोचपावती देता येते, पण पोचल्याची वेळ बदलता येत नाही, हे त्याने समजावून सांगितलं. ती ऐकत होती आणि त्याच्या हाताकडे बघत होती. हात स्थिर होते.

मग तिने थोरल्यांच्या जखमी खेळाडूचं विचारलं. डॉक्टरच्या कागदावर साडेचार महिने लिहिलंय, असं तो म्हणाला.

"आणि खरं?"

"खऱ्याचं मला विचारू नकोस. मी कागद बघतो. पण एक सांगतो, आणि ते मी सांगितलं असं कुठे म्हणू नकोस. त्यांचा कागद सकाळी दहाला आला आणि जेवणाच्या आत सही होऊन परत गेला. गेल्या वर्षी तुमच्या गोलकीपरचा असाच कागद आला होता. आठवतं?"

तिला आठवत होतं. सहा आठवडे लागले होते. तोवर दोन क्ष-किरण तपासण्या मागवल्या होत्या आणि फेडरेशनच्या डॉक्टरला भेटायलाही लावलं होतं.

"कुणी सांगतं का तसं करायला?"

एलादिओने पावाचा तुकडा कागदात गुंडाळला. "सांगावं लागत नाही," तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये तिने एकेक माणूस धरून बघितला. खात्याचा परवलीचा शब्द क्लबच्या कचेरीतल्या खणात चिठ्ठीवर लिहिलेला. कचेरीच्या किल्ल्या दोनच. तेरा एकतीसला ती स्वतः मासळीबाजारात शिंपल्यांच्या रांगेत उभी होती, पुढे पाद्र्याची बहीण आणि मागे शाळेतला शिपाई. दुसरी किल्ली शेनारोकडे. तरीही पोंतेवेला येईपर्यंत ती दुसरं काहीतरी स्पष्टीकरण शोधत राहिली. नवऱ्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्या माणसावर संशय घ्यायचा म्हणजे तिला जड जात होतं.

शेनारो दुकानात खिळे तोलत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती थांबली. मग तिने फक्त वेळ सांगितली, तेरा एकतीस. तो लगेच मी नाही म्हणाला, आणि तेवढ्याने तिला कळायचं ते कळलं.

"पोरगा स्वतः आला होता माझ्याकडे," तो अखेर म्हणाला. "त्या दुपारी. थोरल्यांचा त्याला फोन आला होता. हात जोडत होता माझ्यापुढे. असा योग पुन्हा येणार नाही म्हणाला. मी काय त्याच्या पायात दोर बांधू?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू घेऊ दिला असतास मागे?"

"आणि तुला काय मिळालं, शेनारो?"

त्याने तराजू पुसायला घेतला. मैदानावर नवं गवत लावायचं चाललंय, जुलैत त्याच्यावर पहिला सामना खेळायला थोरले येणार आहेत, असं त्याने खाली बघतच सांगितलं. पूर्ण संघ. टीव्हीवर दिसतात ते सगळे. गावाने असं कधी पाहिलं नव्हतं.

दोसिंदाला राग यायला हवा होता, पण तिच्या मनात दुसरंच काहीतरी जुळत होतं.

"त्यांचा माणूस जायबंदी झाला तो फेब्रुवारीत," ती म्हणाली. "मग एकतीस जानेवारीला त्यांना कसं ठाऊक, की पुढच्या महिन्यात जागा रिकामी होणार आहे?"

शेनारो पुन्हा तराजू पुसू लागला. त्याने इतका विचार केलाच नव्हता, की केला होता आणि बाजूला ठेवला होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून तिला ओळखता आलं नाही.

तिने तक्रार लिहिली. अर्ज कुणी मागे घेतला ते लिहिलं, दोन्ही तारखा लिहिल्या, जायबंदी खेळाडूची स्वतंत्र डॉक्टरकडून तपासणी करावी अशी मागणी केली, आणि चिटणीस म्हणून खाली सही केली. एलादिओचं नाव कुठेही घेतलं नाही. शेनारोने तिला अडवलं नाही. आपल्याच क्लबला लाथ मारतेस, एवढंच म्हणाला, आणि रविवारी जेवायला येणं बंद केलं. गावातही दोन तट पडले. कॅफेतला तो खिडकीवाला म्हातारासुद्धा तिला म्हणाला, की जुलैचा सामना तुझ्यामुळे रद्द झाला तर बघ.

उत्तर एप्रिलात आलं. अकरा ओळी. अर्ज क्लबने स्वेच्छेने मागे घेतला होता, थोरल्यांची वैद्यकीय कागदपत्रं नियमाप्रमाणे आहेत, प्रकरण बंद. साडेचार महिन्यांसाठी आडवा झालेला फॉरवर्ड त्याच आठवड्यात सरावाला धावताना पेपरात दिसला. ठणठणीत. लवकर बरा झाला, असं खाली लिहिलं होतं. पोंतेवेलाचा संघ शेवटच्या रविवारी एका गुणाने खालच्या श्रेणीत घसरला.

जुलैत थोरले आले, पण टीव्हीवरचे नव्हे. एकोणीस वर्षांखालची पोरं आणि बेंचवरचे तीन-चार. त्यांत आन्शो होता. अख्ख्या हंगामात त्याला सतरा मिनिटं खेळायला मिळाली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शेनारोने भाषण केलं, आणि नवं गवत खरोखरच सुरेख दिसत होतं.

सामना संपल्यावर आन्शो घामाने निथळत कुंपणाशी आला आणि तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. ती वाळल्यासारखी दिसते, नीट जेवते का, असं त्याने विचारलं. तिने आढेवेढे न घेता विचारून टाकलं, त्या दिवशी दुपारी तू शेनारोकडे गेला होतास ना?

"मी?" तो म्हणाला. "मी सरावाहून येऊन वरच्या खोलीत झोपलो होतो. संध्याकाळी शेनारोनेच सांगितलं, फेडरेशनने कागद फेकला म्हणून. थोरल्यांचा फोन मला दहा फेब्रुवारीला आला. त्याआधी त्यांच्यातल्या कुणाशी मी एक शब्द बोललो नव्हतो. शपथेवर सांगतो."

तो सरळ तिच्या डोळ्यांत बघत होता. जातानाच्या सकाळी मात्र त्याने बघितलं नव्हतं. मैदानापलीकडे शेनारो कुणाशीतरी बोलता बोलता थांबून या दोघांकडे बघत होता.

दोघांतला एक खोटं बोलत होता. तिने नंतर दोघांनाही पुन्हा काही विचारलं नाही, कारण जे उत्तर मिळेल त्यावर आपला विश्वास बसणार नाही हे तिला कळून चुकलं होतं. ऑगस्टमध्ये तिने नव्या हंगामाचे अर्ज नेहमीप्रमाणे भरले आणि पाठवले. पण अधूनमधून, भांडी घासताना वगैरे, ती एकच गोष्ट आठवायचा प्रयत्न करते. त्या दिवशी शिंपले घेऊन ती घरी आली तेव्हा जिन्याखाली आन्शोचे बूट होते का? कधी तिला ते स्पष्ट दिसतात, चिखलाने भरलेले, एकमेकांवर टेकलेले. कधी फरशी नुसती कोरडी, मोकळी दिसते.