ठणठणीत माणसांची वस्ती

मित्रांनो, जरा कल्पना करा, की तुम्हाला डोळे नाहीत, नुसते कान आहेत. समोरच्याचे कपडे दिसत नाहीत, घर दिसत नाही. ऐकू येतं ते त्याच्या छातीत काय चाललंय ते. माझं सगळं आयुष्य असंच गेलं. मी एक जुना स्टेथोस्कोप आहे.

कारखान्यात माझ्या रबरी नळ्यांना धातूची चकती जोडली गेली आणि मी एका तरुण डॉक्टरीणबाईंच्या अगदी खरोखर गळ्यात पडलो. त्यांनी मला कधी दूर केलं नाही.

आमच्या दवाखान्यात दोन ठिकाणांहून लोक येत. टेकडीवरच्या आळीत निवृत्त मंडळी राहत. घरं मोठी, माणसं दोन-दोन, आणि प्रत्येकाला साखर नाहीतर रक्तदाब. नुसती शिंक आली तरी ती दवाखाना गाठत. दगडखाणीजवळच्या वस्तीत मात्र एकेका खोलीत आठ-दहा जण दाटीवाटीने राहत, पण सगळे तरणेताठे. ते सहसा यायचेच नाहीत. बाईंनी विचारलं तर उत्तर ठरलेलं, की आम्ही ठणठणीत आहोत. आणि हा खोकला? तो होय, तो धुळीचा! धुळीचा खोकला त्यांच्या लेखी आजारच नव्हता.

मग शेजारच्या शहरात नव्या तापाची साथ आली. तो ताप थेट फुप्फुसात उतरत असे. बाईंना ऑक्सिजन देणारं एकच यंत्र मिळालं. म्हाताऱ्यांना धोका जास्त, म्हणून ते टेकडीवरच्या शाळेत ठेवायचं त्यांनी ठरवलं. त्यात गैर काहीच नव्हतं.

त्याच दिवशी खाणीतला एक पाथरवट पायाला टाके घालून घ्यायला आला. सोबत त्याची लेक होती. तिच्या तिखट जिभेमुळे सगळे तिला मिरची म्हणत. ती गप्प बसावी म्हणून बाईंनी मला तिच्या कानांत घातलं. तिने आधी बाकावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांची छाती ऐकली, मग बापाची.

"आजोबांच्या छातीत नुसता वारा वाहतोय," ती म्हणाली. "बाबांच्या छातीत कुणीतरी कागद चुरगाळतंय."

"काहीही बडबडते, बाई," तिचे बाबा हसले. "मी ठणठणीत आहे."

मिरची पोस्टमास्तरांकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "मग आमच्या वस्तीत कुणालाच आजोबा का नाहीत?"

बाईंचा हात टाके घालता घालता थांबला. टाके पुरे झाल्यावर त्यांनी मला त्या छातीवर ठेवलं, आणि मीही तो कागद ऐकला. वस्ती तरणी दिसत होती, कारण म्हातारं होईपर्यंत तिथे कुणी टिकतच नव्हतं. आधीच दगडाच्या धुळीने भरलेली फुप्फुसं, एका खोलीत दहा जण, आणि इस्पितळ गाठायला गाडी नाही. ताप एकच, पण तो तिथे किती वेगळा वागला असता!

आता यंत्र कुठे ठेवायचं, या विचारात बाई पडल्या. तो प्रश्न पोस्टमास्तरांनीच सोडवला. "खाली न्या," ते म्हणाले. "आमच्याकडे गाड्या आहेत. मला ताप आला तर हॉर्न वाजवत जाईन."

पुढे ताप दोन्हीकडे आला. पोस्टमास्तर खरंच गाडीने मोठ्या इस्पितळात गेले आणि कुरकुरत परत आले. मिरचीच्या बाबांना मात्र श्वास घेता येईना, तेव्हा यंत्र त्यांच्या दारापासून हाकेच्या अंतरावर होतं. ते वाचले. सगळेच वाचले नाहीत, मित्रांनो, हेही सांगायला हवं.

साथ ओसरली. माझ्या नळ्यांना चिरा पडल्या, तेव्हा बाईंनी नवा स्टेथोस्कोप घेतला आणि मला मिरचीला देऊन टाकलं. ती मला रोज पुसून ठेवते. जुन्या वस्तूला आणखी काय हवं? माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरातलं कुणी "मी ठणठणीत" म्हणालं, तरी एकदा नीट ऐका.

मिरचीचे बाबा पुन्हा खाणीवर निघाले तेव्हा बाईंनी धुळीसाठी दिलेला मास्क खुंटीवरच होता. तो बांधून गप्पा कशा मारायच्या, असं ते म्हणत. मिरची वाटेत आडवी उभी राहिली. तिने माझी टोकं बाबांच्याच कानांत घातली आणि चकती त्यांच्याच छातीवर धरली.

ते बराच वेळ ऐकत राहिले.

मग मिरचीने खुंटीवरचा मास्क काढून त्यांच्या हातात दिला.