टाचण्यांची उशी

"सुई गं सुई, आत जा बाई, काट्याला आण बोट धरून." लहानपणी पायात काटा मोडला की आई असं गुणगुणायची, आणि काटा कधी निघाला ते धाकटीला कळायचंही नाही. तीच आई आता गुडघा बदलून घरी आली होती आणि धाकटीच्या नाकी नऊ आले होते.

रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून रोज सकाळी पोटावर एक इंजेक्शन घ्यायचं होतं. आईचं सारं आयुष्य शिवणकामात गेलेलं. "जन्म सुयांत काढला मी. तू मला टोचायला शिकवणार?" असं म्हणून ती इंजेक्शन घेऊन पडद्याआड जायची आणि रिकामं करून आणायची.

आज धाकटी बटण लावायला बसली. मशीनवरच्या टाचण्यांच्या उशीतून तिने सुई उपसली, तर बोटं ओली झाली. उशी दाबली, तर थेंब आले. पाणी म्हणावं, तर मशीनजवळ आई साधा पेला ठेवू द्यायची नाही.

"आई, इंजेक्शनं या उशीला दिलीस?"

आईने हातातला दोरा दाताने तोडला. "ओरडू नकोस."

"ओरडत नाहीये. विचारतेय."

"रक्त पातळ करायचं औषध ते. पायाला एवढे टाके घातलेत. विरलेल्या कापडावर शिवण टिकते कधी?"

धाकटीने कपाळाला हात लावला. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं तरी किती. "पाय म्हणजे कापड आहे का गं? नर्सने समोर बसवून सांगितलं होतं. पाय पडून राहिला की शिरेत गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस हातचा जातो. तू चांगली मान डोलवत होतीस."

"मान डोलवली की लवकर घरी सोडतात."

धाकटीने वॉर्डात फोन लावला. सगळं सांगितलं, उशीचं नाव मात्र लाजेने घेववेना. पलीकडचं ऐकून ती आईकडे वळली. "राहिलेली इंजेक्शनं एकदम घ्यायची नाहीत म्हणतात. आधी हे सांग, पोटरी दुखते? सूज? धाप लागते?"

"काही नाही."

"खरंच काही नाही, की परत दवाखान्यात नेतील म्हणून काही नाही?"

आईने उशी ओढून घेतली आणि विस्कटलेल्या टाचण्या एकेक करून नीट खोचू लागली. मग स्टुलावरचा पाय तिने जरासा सरकवला आणि तिचे ओठ आवळले गेले.

"पोटरी," ती म्हणाली. "कालपासून. आतून कुणी पीळ घालतंय असं."